मागो

पुण्याच्या एजन्सीचा मेल: शब्दाला दीड रुपया,
शुक्रवारपर्यंत द्या, आणि मॅडम,
एका शब्दाला शेवटपर्यंत एकच शब्द ठेवा.
राजारामपुरी, आठवी गल्ली,
खाली पंक्चरचं दुकान, वर माझं टेबल,
टेबलावर एक स्पॅनिश कादंबरी,
कुठल्याशा गावात जत्रेला आलेल्या माणसाची.
त्याला लोक म्हणतात मागो.

स्पॅनिश मी शिकले पेठेतल्या भिंतींमुळे.
वर्ल्डकपला समोरच्या तालमीवर
अर्जेंटिनाचा निळा-पांढरा पट्टा चढायचा
आणि भाऊ विचारायचा, ते ओरडतात काय गं नेमकं?
ते कळावं म्हणून क्लास लावला.
त्याचा गुडघा गेला, फुटबॉल सुटला.
माझ्याकडे भाषा राहिली.

ब्रुखो सोपा वाटला.
ब्रुखा बाई, ब्रुखो बाप्या,
शेवटचं अक्षर बदललं की झालं.
इंग्रजीत बाई ती विच, तिच्यासाठी सरपण.
बाप्या विझार्ड, त्याच्या पोटात वाईज,
म्हणजे शहाणा, म्हणजे दाढी, म्हणजे मान.
आपल्यात तरी वेगळं काय,
ती चेटकीण, तो जाणता.

प्रेस्तिदिखितादोर तोंडात मावेना.
फोडला तर आत चपळ, आत बोटं.
इंग्रजीच्या कॉन्ज्युररला बोटंच नाहीत.
हातचलाखीला हात आहे,
पण पैसे मिळतात ते इंग्रजीचे.

आणि मागो. दोनच अक्षरं.
टोपीतून ससा काढणारा त्यात बसतो,
ढगातून वीज ओढणाराही.
इंग्रजी दारातच अडवते:
खरा का खोटा? विझार्ड का मॅजिशियन?
पुस्तकातल्या गावाला ते माहीत नाही.
लिहिणारीलाही बहुतेक नसावं.

पापाच्या तिकटीला तांबटकाकांकडे गेले.
एकेकाळी पोस्टरवर प्रोफेसर डी. तांबट,
कागलपासून गारगोटीपर्यंत तंबू.
आता पुतण्याच्या भांड्यांच्या दुकानात गल्ल्यावर.
"आमाला नुसतं प्रोफेसर म्हणायचे," ते म्हणाले,
"कसला, ते कोण इचारतंय."

मग सांगितलं. मुरगूड. खेळ संपलेला, तंबू सोडत होते.
एक बाई पोर घेऊन आली, अंग तव्यावानी.
कानातनं रुपया काढलासा, तसा ताप काढा.
"म्हटलं, बाई, ते खोटं असतंय.
तर म्हणते, असू दे की. काढा."
मग?
"मग काय. काढला की.
कानातनं, बगलेतनं, मुठीतनं,
गल्ल्यात हुते तेवढे,
अठरा रुपये निघाले पोराच्या अंगातनं.
म्हटलं, ह्यो ताप. ह्यो घेऊन पहिली एस्टी धर,
सीपीआरला जा, उरलं त्याचं औषध घे.
आता सांग, त्या राती मी कोण हुतो
तुझ्या इंग्लिशमधी?"

पोर वाचलं?
"काय ठावं. तंबू पुढं गेला."

दाखवतो म्हणून त्यांनी नाणं घेतलं.
बोटं थरथरली, नाणं निसटलं,
घागरींच्या मधून ठणठणत कुठंतरी गेलं.
आम्ही दोघं वाकून शोधत राहिलो.
"गायब," ते म्हणाले,
आणि इतके हसले की पुतण्यानं पाणी आणलं.

पान एकशे तेरा. रात्री एक वाजता
पुस्तकातली बाई त्याच्या खोलीच्या दाराशी येते.
मागो, ती म्हणते. पुढं काही नाही.
मी ते कागदावर देवनागरीत लिहून बघते,
मागो,
आणि मराठी डोळ्याला वाटतं,
कुणीतरी काही मागतंय.

एकशे बारापर्यंत सगळीकडे मॅजिशियन आहे.
इथं विझार्ड लिहिलं. खोडलं.
पुन्हा मॅजिशियन. तेही खोडलं.
शब्द पिवळा करून ठेवला
आणि एजन्सीला कळवलं:
एके जागी शब्द बदलेल, कुठला ते अजून माहीत नाही.
हवं तर दीड रुपया कापा.